मंचुरियनचे पाठभेद

एखाद्या ग्रंथाची मूळ प्रत हरवली असेल, तर अभ्यासक उपलब्ध पाठभेदांच्या आधारे तिच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतो. पण ज्याला मूळ प्रतच कधी नव्हती, अशा गोष्टीचे काय करावे? खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या बुलढाणा जिल्ह्यातील गावांत संध्याकाळी लागणाऱ्या चायनीजच्या गाड्यांकडे पाहिले, की हा प्रश्न पाकशास्त्राच्या अंगाने समोर येतो. लाल पाटी, तीवर पिवळी अक्षरे, भडकलेली शेगडी, काळीभोर कढई आणि कोबीच्या तळलेल्या गोळ्यांनी भरलेली परात, एवढा या गाडीचा सरंजाम. महानगरातील साखळी उपाहारगृहात जेवून आलेला सुशिक्षित माणूस तिला ‘नकली चायनीज’ म्हणून निकालात काढतो. अस्सल प्रत तिकडे आणि अशुद्ध नक्कल इकडे, असे त्याच्या मनात पक्के असते. इतिहास मात्र या समजाला दुजोरा देत नाही.

चिनी माणसांची भारतातील वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ सुरू झाली. टाँग अछ्यू नावाच्या व्यापाऱ्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. अछीपूर हे गाव आजही त्याचे नाव सांगते. पुढे हाक्का आणि कँटोनी कुटुंबे आली. कोणी कातडी कमावली, कोणी जोडे शिवले, कोणी सुतारकाम केले, कोणी खानावळी काढल्या. मुंबईतही त्यांची लहानशी वस्ती झाली. माझगावातील सी यप कून मंदिर ही तिची खूण.

ज्या पदार्थावर आपल्या गाड्या चालतात तो मंचुरियन मात्र चीनमधून आलेला नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो प्रथम केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची हा आपल्या फोडणीचाच आरंभ. पुढे गरम मसाल्याच्या जागी त्यांनी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले. मंचुरिया या प्रांताशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. ‘शेजवान’चेही तसेच. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारे तेथील मिरे. आपल्या शेजवानात ते नसते; असते ती लाल मिरची आणि लसूण. गंमत अशी, की त्या मिऱ्याचे सख्खे भावंड कोकणात तिरफळ या नावाने माशाच्या आमटीत पडते, पण शेजवानच्या वाटेला जात नाही. आणि जिच्यावाचून वऱ्हाडी ठेचा आणि शेजवान दोन्ही अडतात, ती मिरची तर अमेरिका खंडातून आलेली! तेव्हा अस्सलपणाचा शोध घेत किती मागे जायचे?

या पदार्थांनी देशभर जम बसवण्याच्या थोडेच आधी एक दुःखद प्रकरण घडले होते. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, उत्तर बंगाल आदी भागांतील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेलेही होते. काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. अनेकांनी पुढे देश सोडला. माणसे संशयित ठरली आणि त्यांचे अन्न लाडके झाले. गाडीवरच्या ‘चायनीज’ या शब्दामागे ही माणसे आहेत, याची जाणीव खाणाऱ्याला क्वचितच असते.

साखळीचा इतिहास यानंतरचा. अंजन चटर्जी यांचे ‘मेनलँड चायना’ १९९४ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्यांची स्पेशालिटी रेस्टॉरंट्स ही कंपनी २०१२ मध्ये शेअर बाजारात आली. साखळीचे सामर्थ्य प्रमाणीकरणात आहे. मापाने बांधलेली कृती, शिकवून तयार केलेले आचारी आणि ठरलेला कच्चा माल यांमुळे पुण्यातील चव कोलकात्यात भेटते. ही छापील आवृत्ती होय. छापील आवृत्तीचे गुण तिच्यात आहेत: स्वच्छता, सातत्य, जबाबदार प्रकाशक.

गाडीचा व्यवहार मौखिक परंपरेचा. एका आचाऱ्याच्या हाताखाली राबलेला पोरगा पुढे स्वतःची गाडी टाकतो आणि ऐकलेली, पाहिलेली कृती आपल्या गिऱ्हाइकाच्या जिभेप्रमाणे फिरवतो. कुठे तिखट चढते, कुठे कोबी वाढतो, कुठे तळलेल्या नूडल्सची ‘चायनीज भेळ’ होते. येथे लीळाचरित्राचे स्मरण होणे साहजिक आहे. चक्रधरांच्या भ्रमंतीत आपले लोणार आणि मेहकर येतातच. म्हाइंभटांची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, म्हणून तिचे अनेक पाठ झाले. त्या पाठांना आपण भ्रष्ट म्हणत नाही, परंपरेच्या जिवंतपणाचा पुरावा मानतो. मग गाडीच्या पाठालाच हा न्याय का नाकारावा? मार्गी आणि देशी या जोडीची चर्चा वर्गात हिरिरीने करणाऱ्या आपण अध्यापकांनी तरी हा प्रश्न टाळू नये.

कारण आता प्रश्न चवीपुरता उरलेला नाही. कॅपिटल फूड्स या कंपनीने ‘शेजवान चटणी’ या शब्दांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली आणि त्या हक्काचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२४ मध्ये ही कंपनी टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने ताब्यात घेतली. असंख्य अनाम हातांनी रुळवलेला शब्द कोणा एकाचा होऊ शकतो का? आपल्या शेगावची कचोरी पाहा. तिचे नाव आज कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर आहे. ते कुलूपबंद झाले असते, तर तिची कीर्ती एवढी दूर गेली असती काय?

दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. २०२४ च्या आरंभी गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने त्यातील कृत्रिम रंगांना मनाई केली. घातक रंग आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल यांचे समर्थन कोणतीही परंपरा करू शकत नाही. पण या दोन निर्णयांत फरक आहे. कर्नाटकाने दोष काढून टाकायला सांगितले. म्हापशाने पदार्थच हद्दपार केला. पाठात प्रक्षेप शिरला म्हणून कोणी पोथी जाळत नाही.

गाडीवाल्याला पाणी, परवाना, जागा आणि तपासणी मिळाली, तर त्याचा पाठ शुद्ध होईल आणि तरीही त्याचाच राहील. ते न झाल्यास शेगडी राहील, कढई राहील; तीत पडेल ते मात्र कारखान्यातून आलेल्या बाटलीतले. मग खामगावची चव आणि चिखलीची चव यांत भेद उरणार नाही. पाठभेद संपले, की परंपरा अभ्यासाला उरते, व्यवहारातून जाते.