काच वर, काच खाली

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्री गोठणारा पाऊस पडून गेला होता. सकाळी टिम हॉर्टन्सच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये कॉफी घ्यायला मी काचेचं बटण दाबलं. काच रबराला चिकटलेली होती. मी पुन्हा जोर लावून दाबलं. ‘खट्’ असा आवाज झाला आणि काच एकदम दाराच्या पोटात गडप झाली. बाहेर उणे अठरा! उरलेला रस्ता मी कानटोपी घालून, गार वारा खात कापला.

गॅरेजवाल्याने फोनवर सहाशे डॉलर सांगितले. एरवी निमूट दिले असते, पण माझं कॉन्ट्रॅक्ट नोव्हेंबरात संपलं होतं आणि नव्याचा पत्ता नव्हता. त्यात डोंबिवलीहून बाबा आलेले. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला हिवाळा. दिवसभर खिडकीपाशी बसून बर्फ बघायचे, विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणायचे. गाडीच्या काचेला मी कचऱ्याची काळी पिशवी चिकटवताना पाहिल्यावर मात्र ते पायमोजे चढवून गॅरेजमध्ये आले.

आम्हा संगणकवाल्यांची सवय अशी, की आधी वीज तपासायची. मी फ्यूज शोधू लागलो. बाबा म्हणाले, “अरे, आधी ऐक. बटण दाब.” आतून घर्र आवाज आला. “मोटर बोलतेय ना? मग आजार तिचा नाही. फ्यूज कशाला काढतोस?”

खरंच होतं. आवाजच नसता, तर फ्यूज, बटण, दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या तारा आणि शेवटी मोटर, अशा क्रमाने पाहावं लागलं असतं. मोटर फिरते पण काच हलत नाही, याचा अर्थ काच उचलणारी यंत्रणा, म्हणजे रेग्युलेटर तुटला. सुटा भाग शंभर डॉलरच्या आत मिळाला. तो घरी येईपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी या काचेचा इतिहास वाचत बसलो, आणि तो फिरून आपल्या कुर्ल्याला पोचला!

सुरुवातीच्या बंद मोटारींत काच चामड्याच्या पट्ट्याने ओढून वर घेत. हाताने फिरवायचं हँडल रूढ झालं ते १९२० च्या दशकात. त्यात खरी मेख अशी, की हँडल सोडल्यावर वजनदार काच आपोआप खाली यायला नको. जर्मनीतल्या मॅक्स ब्रोझे यांच्या कंपनीने त्याच दशकात स्प्रिंगचा ब्रेक असलेली हँडलची यंत्रणा आणली. हात फिरवाल तर काच हलेल, काच स्वतः हँडल फिरवू शकणार नाही. हीच कंपनी पुढे पुण्याजवळ हिंजवडीलाही आली.

बटणाची काच प्रथम दिली अमेरिकेतल्या पॅकार्डने, १९४० साली, आपल्या महागड्या १८० मालिकेत. पण दारात मोटर नव्हती. एक विजेचा पंप तेलाचा दाब तयार करी आणि त्या दाबाने काच सरके. तेल म्हटलं की गळती आलीच. अनेक गाड्यांत ब्रेकचं तेलच वापरत आणि ते रंग खाऊन टाकी. मग १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत प्रत्येक दारात काचेसाठी निव्वळ विजेवर चालणारी व्यवस्था दिली. आजची पद्धत तीच. वीज एका दिशेने सोडली की मोटर सुलटी फिरते, उलट दिशेने सोडली की उलटी. मोटरच्या टोकाला स्क्रूसारखा दातेरी दांडा असतो. मोटर त्या दांड्याने चाक फिरवते, पण काचेचं वजन चाकामार्फत दांडा फिरवू शकत नाही. म्हणजे स्प्रिंगच्या ब्रेकचंच काम!

आता कुर्ला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, ती याच क्रायस्लरशी करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फिएट आली, आणि सत्तरच्या दशकात तिचीच ‘पद्मिनी’ झाली. म्हणजे क्रायस्लर तिकडे बटणाची काच देत असताना तिच्या मुंबईच्या सोबत्याच्या गाड्यांना पुढची कित्येक वर्षं हँडलच राहिलं. हे वाचून दाखवल्यावर बाबा हसले. “हँडलला काय झालं? आपल्या पद्मिनीचं डावीकडचं सतत निसटायचं. तुझी आई ते पर्समध्येच ठेवायची. काच खाली करायची झाली की काढायची, लावायची, फिरवायची.” आई गेल्यापासून ते तिच्याविषयी आपणहून पहिल्यांदाच बोलत होते.

शनिवारी कामाला लागलो. दारात एअरबॅग असू शकते, म्हणून आधी बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबलो. प्लॅस्टिकचं आवरण थंडीत कडक होतं, तर बायकोचा हेअर ड्रायर आणून ते ऊब देऊन सोडवलं. काच उचलून चौकटीला रुंद टेपने बांधली. ती घसरली तर बोटं जायची. आत रेग्युलेटरची पोलादी दोरी पिंजून तुटली होती. काच बर्फाने धरून ठेवलेली, आणि मी मोटरला ‘ओढ, ओढ’ म्हणत बसलो होतो. दोष माझाच होता.

नवा भाग बसवून, बॅटरी जोडून मी बटण वर ओढलं. धाकटीने विचारलं, “दाबायचं का नाही?” काही जुन्या गाड्यांत बटणावर मुलाचा गुडघा पडला तरी काच वर जाई आणि त्यात लहान मुलांचे जीव गेले. म्हणून अमेरिकेत २००० च्या दशकात नियम झाला, की काच बंद करायला बटण वर ओढावंच लागेल. तिला तेवढंच सांगितलं, की बोटं सांभाळायची.

मंडळी, दर ऑक्टोबरात काचेच्या रबराला सिलिकॉनचा फवारा मारा, आणि बर्फ असेल तर आधी गाडी गरम होऊ द्या. सहाशे डॉलर वाचतील.

बाबा एप्रिलमध्ये परत गेले. मुंबईच्या रस्त्यांवर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. आमची त्याआधीच भंगारात गेली होती. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पेनांच्या खणात त्यांना एक गंजलेलं हँडल सापडलं होतं. ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं आणि गोल फिरवून दाखवलं.