चिलखती वाहनांची निर्मिती आणि बदलत्या लष्करी गरजा : अहमदनगर ते आवडी

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्याला लागून असलेले अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हे भारतीय चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून सर्वपरिचित आहे. याच शहरात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना (व्हीआरडीई) कार्यरत आहे. लष्कराने मागणी नोंदवावी आणि शास्त्रज्ञांनी ती पूर्ण करावी, एवढे हे नाते सरळ नाही. वाहन तयार होण्यास लागणाऱ्या काळात मागणीच बदलते, हीच या क्षेत्रातील मूळ समस्या होय.

विजयंता ते अर्जुन :
१९६५ साली तमिळनाडूतील आवडी येथील कारखान्यातून बाहेर पडलेला ‘विजयंता’ हा भारतात बांधलेला पहिला रणगाडा. परंतु त्याचा आराखडा ब्रिटिश व्हिकर्स कंपनीचा होता. संपूर्ण स्वदेशी रणगाड्याची कल्पना १९७२ च्या सुमारास लष्कराच्या गुणात्मक मागणीपत्रकातून पुढे आली. १९७४ मध्ये १५.५ कोटी रुपयांच्या तरतुदीसह प्रकल्पास मान्यता मिळाली. मूळ अहमदनगरच्या आस्थापनेशी निगडित असलेल्या आवडी येथील शाखेस त्याच दशकात स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले आणि तिच्याकडे हे काम सोपविण्यात आले.

आरंभी सुमारे ४० टनांचा, १०५ मि.मी. तोफेचा रणगाडा अपेक्षित होता. पुढे शेजारी राष्ट्रांच्या रणगाड्यांची ताकद वाढली, तशी १२० मि.मी. तोफेची आणि जाड चिलखताची मागणी झाली. तोफ मोठी झाली म्हणजे बुरूज जड होतो. बुरूज जड झाला म्हणजे इंजिन, साखळपट्टे आणि निलंबन यांचा पुनर्विचार करावा लागतो. अखेरीस ‘अर्जुन’चे वजन ५८.५ टनांवर गेले. १५०० अश्वशक्तीचे स्वदेशी इंजिन वेळेत सिद्ध न झाल्याने १४०० अश्वशक्तीचे जर्मन इंजिन स्वीकारावे लागले. लष्कराने २००० साली १२४ रणगाड्यांची मागणी नोंदविली; मात्र २००१ मध्येच ३१० रशियन टी-९० रणगाड्यांचा करार झाला. अनेक सुधारणांसह ‘मार्क-१ ए’ या प्रकाराच्या ११८ रणगाड्यांची मागणी सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदविण्यात आली.

दोष कोणाचा?
विलंबाचे खापर केवळ शास्त्रज्ञांवर फोडणे न्याय्य नाही, तसेच लष्करास चंचल ठरविणेही योग्य नाही. शत्रूची शस्त्रे बदलत असताना मागणी गोठवून ठेवणे सैनिकाच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. परंतु प्रत्येक बदलाबरोबर आराखडा नव्याने मांडावा लागला, तर वाहन सैनिकाच्या हाती पडतच नाही. २०२० च्या लडाख संघर्षाने हा पेच अधिक स्पष्ट केला. उंच प्रदेशात जड रणगाड्यांच्या मर्यादा जाणवल्या आणि सुमारे २५ टनांच्या ‘झोरावर’ या हलक्या रणगाड्याची निकड निर्माण झाली. त्याचा नमुना जुलै २०२४ मध्ये सादर झाला.

नगरचा धडा :
व्हीआरडीईने टाटा समूहाच्या सहकार्याने विकसित केलेले ‘व्हॅप’ हे आठ चाकी, उभयचर चिलखती वाहन या संदर्भात उद्बोधक आहे. २०१४ च्या संरक्षण प्रदर्शनात ते प्रथम मांडण्यात आले. येथे एकच मूळ सांगाडा कायम ठेवून त्यावर पायदळवाहक, टेहळणी वा अन्य प्रकार उभारता येतात. मागणी बदलली तरी संपूर्ण वाहन मोडीत काढावे लागत नाही. या कुळातील संरक्षित पायदळवाहने १२ एप्रिल २०२२ रोजी पुणे येथे लष्करात दाखल झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोतील बेरेशिद येथे याच वाहनाच्या निर्मितीचा कारखाना सुरू झाला.

निष्कर्ष :
मागणी बदलणार, हे गृहीत धरूनच आराखडा करणे, हा या इतिहासाचा बोध होय. ‘अर्जुन’च्या प्रदीर्घ वाटचालीने अभियंत्यांची एक पिढी घडविली, हे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि वापरकर्ता, संशोधक आणि उत्पादक हे आरंभापासून एकत्र बसले, तरच वाहन वेळेवर रणांगणात पोहोचते. वेळेवर न पोहोचलेले चिलखत, ते कितीही अभेद्य असो, सैनिकाचे रक्षण करू शकत नाही.