जैविक हृदयझडप

जैविक हृदयझडप म्हणजे प्राण्यांच्या किंवा मानवी ऊतींपासून तयार केलेली, हृदयाच्या निकामी झडपेच्या जागी बसवली जाणारी झडप होय. धातू व कार्बन यांपासून बनवलेल्या यांत्रिक झडपेला ती पर्याय आहे. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला वॉरफॅरिन हे औषध आजन्म घ्यावे लागते. जैविक झडपेसाठी असे औषध बहुधा काही महिनेच पुरते. मात्र ही झडप कालांतराने झिजते.

इतिहास

इ.स. १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी द्विदल झडपेच्या जागी यांत्रिक झडप यशस्वीरीत्या बसवली. इ.स. १९६२ मध्ये लंडन येथे डोनाल्ड रॉस यांनी मृत दात्याची झडप महाधमनीच्या मुखाशी बसवली. पुढे पॅरिसमध्ये डुकराच्या झडपा वापरण्यात आल्या, पण त्या लवकर निकामी होत. आलँ कार्पाँतिए यांनी त्यांवर ग्लुटराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया केल्यामुळे त्यांचे आयुष्य वाढले. १९७०च्या दशकात गोवंशीय प्राण्यांच्या हृदयावरणापासूनही झडपा तयार होऊ लागल्या.

झीज व तिची कारणे

प्रक्रिया केलेल्या ऊतीत जिवंत पेशी नसतात. त्यामुळे तिची झीज आपोआप भरून येत नाही. कालांतराने तिच्यात कॅल्शियम साचते, पडदे ताठर होतात किंवा फाटतात. अशी लक्षणीय झीज साधारणतः १० ते १५ वर्षांनंतर वाढत्या प्रमाणात आढळते. तरुण रुग्णांत ती लवकर होते. महाधमनी झडपेच्या तुलनेत द्विदल झडपेच्या जागी बसवलेली जैविक झडपही लवकर झिजते.

दीर्घकालीन परिणाम

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत इ.स. १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष महत्त्वाचे मानले जातात. महाधमनी झडप बदललेल्यांपैकी यांत्रिक झडपेच्या गटात ६६ टक्के, तर जैविक झडपेच्या गटात ७९ टक्के रुग्ण या काळात दगावले. द्विदल झडपेच्या रुग्णांत असा फरक दिसला नाही. ६५ वर्षांखालील रुग्णांत महाधमनीच्या जैविक झडपांपैकी २६ टक्के, तर द्विदल स्थानातील ४४ टक्के झडपा बिघडल्या. याउलट, रक्तस्राव यांत्रिक झडपेच्या रुग्णांत अधिक झाला. कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या नोंदींवर आधारित, इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांत्रिक झडपेमुळे जगण्याची शक्यता वाढते, असे आढळले. मात्र हा लाभ महाधमनी झडपेबाबत वयाच्या ५५ वर्षांपर्यंत, तर द्विदल झडपेबाबत ७० वर्षांपर्यंतच दिसला.

झडपेची निवड

अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार महाधमनी झडपेसाठी ५० वर्षांखालील रुग्णांना सामान्यतः यांत्रिक, तर ६५ वर्षांवरील रुग्णांना जैविक झडप सुचवली जाते. मधल्या वयात रुग्णाशी चर्चा करून निर्णय घेतात. झिजलेल्या झडपेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. काही रुग्णांत छाती न उघडता, नलिकेद्वारे जुन्या झडपेच्या आत नवी झडप बसवता येते.

भारतात संधिवाताच्या तापामुळे अनेकांच्या झडपा तरुणपणीच खराब होतात, त्यामुळे ही निवड अधिक कठीण ठरते. वॉरफॅरिन घेणाऱ्यांना नियमित रक्ततपासणी आवश्यक असते व ते गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या तरुणीला कधी जैविक झडप बसवतात. पण तिला पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता स्वीकारावी लागते.