चावडीतील शाळा
गावच्या शाळेची दुरवस्था झाली, की गावकरी सरकारला दोष देतात आणि सरकारी माणूस पालकांच्या उदासीनतेकडे बोट दाखवितो. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा दोघांनाही जबाबदार धरले. फी माफ करून खर्चाचा भार दरबाराने उचलला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. इमारतींची वाट न पाहता चावड्यांत, देवळांत वर्ग भरू लागले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याची आज्ञा झाली. शाळा सर्वांची असली, तरच तिची काळजी सर्वांना वाटते. स्वतःची मुले अन्यत्र धाडून गावच्या शाळा तपासणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांनी हे विसरता कामा नये.