बाबांची गोळी आणि मुलकोवालची बाटली

परवा बाबा भिंग घेऊन कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबतचा कागद वाचत बसले होते. "स्नायू दुखणं, यकृतावर परिणाम... हे औषध आहे का विष?" म्हणाले आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. मी टक्केवारी सांगून वाद घातला आणि नेहमीप्रमाणे हरलो. असो. पण त्यावरून हाफकिन आठवला.

सप्टेंबर 1896. मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये कामाला लागला. प्लेगचे जंतू वाढवायचे, मारायचे आणि तेच टोचायचे! 10 जानेवारी 1897 ला पहिली लस त्याने स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, पण निभावलं.

जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. टोचतानाच ज्यांच्या अंगात आजार होता ते हिशोबातून वगळले. उरलेल्यांत, लस न घेतलेले 12 जण आजारी पडले, त्यातले 6 गेले. घेतलेल्यांत 2 आजारी, मृत्यू एकही नाही. (कैदी 'स्वेच्छेने' पुढे आले म्हणतात. तुरुंगात स्वेच्छा किती असते, हा प्रश्न उरतोच.)

मग 30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस दिली. त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. मुंबईच्या प्रयोगशाळेत कार्बोलिक आम्ल न घालता नुसत्या उष्णतेने निर्जंतुक करायची पद्धत आणली होती, त्यामुळे ठपका हाफकिनवर आला आणि त्याला निलंबित केलं. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता! शिवाय धनुर्वाताचे जंतू आधीपासून बाटलीत वाढले असते तर उघडताना घाण वास आला असता, तो आला नव्हता. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1907 मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला गेला. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्याचं नाव मिळालं.

आमच्या भाषेत, अल्गोरिदम बरोबर होता, घोळ डिप्लॉयमेंटमध्ये झाला. पण त्या 19 घरांना हे सांगून काय उपयोग? लस न घेता प्लेगने किती मेले असते हा आकडा त्यांच्या दारात कधीच आला नाही. वाचलेला माणूस दिसत नाही, गेलेला दिसतो.

इथे माझं चुकलं होतं. मी बाबांना टक्केवारी सांगितली, त्यांना काय होतंय ते विचारलंच नाही. संध्याकाळी विचारलं. म्हणाले, "पंधरा दिवस पोटऱ्या दुखतायत रे. उगाच कशाला सांगायचं..."

डॉक्टरांना फोन केला. आधी रक्त तपासू, मग डोस कमी करायचा का गोळी बदलायची ते बघू, म्हणाले. स्वतःहून बंद मात्र करू नका.

उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचंय. कागद बाबांनी जपून ठेवलाय. ठेवू देत.