सर्वांत दुबळे यंत्र का जिंकले? गेम बॉय, पेन्सिल सेल आणि गुनपेई योकोई

#थ्रेड

१/ हातात धरून खेळायचे नवे यंत्र येणार असे कळले की पहिली चर्चा त्याच्या ताकदीची होते. चिप कोणती, मेमरी किती, चित्र किती स्पष्ट? १९८९ ते १९९१ या काळातील स्पर्धकांना हीच कसोटी लावली असती, तर निन्टेंडोचा गेम बॉय शेवटच्या क्रमांकावर राहिला असता. बाजाराने मात्र त्यालाच पहिला क्रमांक दिला. त्या निकालाचा हा इतिहास.

२/ निन्टेंडोची स्थापना १८८९ साली क्योतो येथे झाली, ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यासाठी. १९६५ साली गुनपेई योकोई हा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला तरुण तेथे नोकरीस लागला. त्याच्याकडे काम होते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे.

३/ रिकाम्या वेळात त्याने कात्रीसारखा लांबणारा एक खेळण्यातला हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस तो पडला आणि १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आला. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. देखभाल करणारा योकोई आता खेळणी घडवू लागला.

४/ सत्तरच्या दशकात शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांत खिशातल्या कॅल्क्युलेटरवरून तीव्र किंमतयुद्ध झाले. त्यातून एलसीडी पडदे आणि लहान चिपा अतिशय स्वस्त झाल्या. योकोई यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, शिन्कान्सेन रेल्वेत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्यांना दिसला आणि वेळ घालवण्याच्या खेळाची कल्पना सुचली.

५/ १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका आली. खिशात मावणारे यंत्र, त्यात एकच खेळ आणि जोडीला घड्याळ. या मालिकेची सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली. आज प्रत्येक गेमपॅडवर दिसणारे अधिक-चिन्हाच्या आकाराचे बटण योकोई यांनी याच मालिकेतील १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी योजले होते.

६/ योकोई यांच्या विचारसरणीला जपानी भाषेत एक नाव आहे. त्याचा अर्थ साधारणतः ‘कोमेजलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा होतो. कोमेजलेले म्हणजे नवलाई ओसरलेले, स्वस्त झालेले, ज्याचे सारे गुणदोष ठाऊक झाले आहेत असे. ते ज्या कामासाठी जन्मले ते सोडून दुसऱ्याच कामाला लावायचे, हा आडवा विचार.

७/ यावरून दुबळेपणा हाच गुण, असे मात्र ठरत नाही. १९७९ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने ‘मायक्रोव्हिजन’ आणले. कार्ट्रिज बदलून निरनिराळे खेळ खेळता येणारे ते पहिले हातातले यंत्र. परंतु त्याचा पडदा जेमतेम १६ × १६ ठिपक्यांचा होता. एवढ्या जागेत खेळांना वैविध्य येईना आणि काही वर्षांतच ते बंद पडले. ताकदीला एक किमान मर्यादा असते, हा त्याचा धडा.

८/ २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय आला. किंमत १२,५०० येन. ८ बिटांचा, सुमारे ४ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ८ किलोबाइट मुख्य मेमरी, १६० × १४४ ठिपक्यांचा पडदा. रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा तेवढ्या. पडद्यामागे दिवाही नाही, त्यामुळे अंधारात काही दिसत नसे. हे सारे चालत असे चार पेन्सिल सेलांवर.

९/ त्याच वर्षी अमेरिकेत अटारीने ‘लिंक्स’ आणले. रंगीत पडदा, त्यामागे दिवा, चित्रे मोठी-लहान करणारी खास चिप. १९९० साली जपानमध्ये सेगाचा ‘गेम गिअर’ आला. पडद्यावर एका वेळी ३२ रंग आणि घरच्या मास्टर सिस्टीमच्या तोडीची अंतर्रचना. सेगाच्या अमेरिकेतील जाहिरातींत गेम बॉयच्या रंगहीनतेची उघड खिल्ली उडवली जात असे.

१०/ आता सेलांचा हिशेब. गेम बॉय चार सेलांवर १५ तास सहज चाले. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. सरासरी चार तास धरले तर १५ तासांच्या खेळासाठी चार वेळा सहा, म्हणजे २४ सेल. खेळणारी मुले होती आणि सेलांचा खर्च पालकांच्या खिशातून होत होता. रंगांची किंमत घरात अशी दर आठवड्याला मोजावी लागे.

११/ ही तफावत कशामुळे? त्या काळी पडद्यामागे उजेडासाठी फ्लुरोसंट नळी बसवावी लागे आणि तीच बरीचशी वीज खाऊन टाकी. अधिक वीज म्हणजे अधिक सेल, अधिक सेल म्हणजे अधिक वजन व आकार. भिंतीतून वीज घेणाऱ्या घरच्या यंत्राला ही साखळी बांधत नाही. खिशातल्या यंत्राची ताकद मात्र दरवेळी दुसऱ्या कोणत्यातरी गुणातून वजा होते.

१२/ किमतीतही हेच दिसते. अमेरिकेत गेम बॉय सुमारे ९० डॉलरला आला, गेम गिअर १५० ला, लिंक्स १८० ला. रंगीत पडद्याचाच, पण आणखी ताकदवान ‘टर्बोएक्सप्रेस’ २५० डॉलरला होता. चारांपैकी सर्वांत स्वस्त यंत्र तेच, जे कागदावर सर्वांत दुबळे होते.

१३/ या दुबळ्या पडद्याला साजेसा खेळ मॉस्कोत तयार झाला होता. १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ‘टेट्रिस’ रचला. ज्या इलेक्ट्रॉनिका ६० संगणकावर तो जन्मला, त्याला चित्रे काढताच येत नव्हती. पडणारे तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवले जात. जो खेळ कंसांतही रंगत होता, त्याला गेम बॉयच्या चार छटा मुबलक होत्या.

१४/ १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स मॉस्कोस गेले आणि सोव्हिएत सरकारी संस्था एलोर्गकडून हातातल्या यंत्रासाठीचे हक्क मिळवले. निन्टेंडो अमेरिकेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना त्यांनी पटवले, की लहान मुलगे हवे असतील तर यंत्रासोबत मारिओ द्यावा, सगळेच हवे असतील तर टेट्रिस. अमेरिकेत गेम बॉय टेट्रिससह विकला गेला. मोठी माणसेही तो खेळू लागली.

१५/ महाराष्ट्रातील अनेकांना टेट्रिस भेटला तो दुसऱ्याच रूपात. नव्वदच्या दशकात जत्रांत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा ‘ब्रिक गेम’ ही त्याचीच स्वस्त नक्कल. १० × २० चौकटींचा एलसीडी पडदा, खोक्यावर ‘९९९९ खेळ’ असा दावा. योकोई यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण कॅल्क्युलेटरच्या जातीच्या पडद्यावर, दोन-तीन सेलांवर तासन्‌तास रमणारी मुले त्यांच्याच म्हणण्याची साक्ष देत होती.

१६/ निकाल आकड्यांत पाहू. गेम गिअर सुमारे १ कोटी ६ लाख विकला गेला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारस गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांवर. याचे सारे श्रेय सेलांना देणे योग्य नाही. निन्टेंडोचा दुकानांतील दबदबा आणि तिच्या खेळांची मोठी यादी यांचाही वाटा होता. मात्र स्वस्त, टिकाऊ यंत्र आधी घरोघरी पोहोचले, म्हणून ती यादी वाढत गेली.

१७/ १९९६ साली हे यंत्र सात वर्षांचे, म्हणजे तंत्रज्ञानाच्या हिशेबाने म्हातारे झाले होते. २७ फेब्रुवारीस जपानमध्ये ‘पोकेमॉन’ आला. त्याचा प्राण होता दोन गेम बॉय जोडणारी केबल, जिच्यातून मुले आपापले प्राणी अदलाबदल करीत. ती सोय १९८९ पासून होतीच. नवी चिप न घालता जुन्या यंत्राला दुसरे आयुष्य मिळाले.

१८/ परंतु योकोई यांचे सूत्र म्हणजे हमखास यशाचा मंत्र नव्हता. १९९५ साली त्यांनीच ‘व्हर्च्युअल बॉय’ घडवला. डोळ्यांसमोर खोलीचा आभास, स्वस्त लाल एलईडींतून काढलेला. सुटे भाग परिचित होते. पण ते यंत्र टेबलावर ठेवून, त्यात डोके खुपसून खेळावे लागे आणि लाल चित्रांनी डोळे शिणत. सुमारे ७ लाख ७० हजार नग विकले गेले आणि वर्षभरातच ते गुंडाळले गेले. तंत्रज्ञान स्वस्त होते, पण खेळणाऱ्याची सोय हरवली होती.

१९/ १९९६ साली योकोई यांनी निन्टेंडो सोडून ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय ५६. त्यांचा हात लागलेले शेवटचे यंत्र, बांदाईचा ‘वंडरस्वान’, १९९९ साली आले. किंमत ४,८०० येन, सेल फक्त एक, खेळ ३० तासांहून अधिक. त्यासाठीच्या एका कोड्याच्या खेळाला ‘गुनपेई’ हे नाव दिले गेले.

२०/ पुढेही हाच प्रश्न परत परत आला. २००४ साली सोनीचा पीएसपी निन्टेंडोच्या डीएसहून बराच ताकदवान होता. डीएस १५ कोटींहून अधिक विकला गेला, पीएसपी त्याच्या जवळपास निम्म्यावर थांबला. २०१७ चा ‘स्विच’ तर २०१५ सालीच जाहीर झालेल्या चिपेवर उभा होता. त्यानेही १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

२१/ मग ताकद महत्त्वाची आहे का? मायक्रोव्हिजन सांगतो, ती पुरेशी असावी लागते. गेम गिअर सांगतो, तिची किंमत सेल, वजन आणि पैशांत चुकवावी लागते. व्हर्च्युअल बॉय सांगतो, काटकसर केली म्हणून यंत्र आपोआप चांगले ठरत नाही. नव्या यंत्राच्या चिपेची माहिती वाचताना शेजारी आणखी तीन आकडे पाहावेत: एका चार्जिंगवर तास किती, हातातले वजन किती आणि किंमत किती. १९८९ साली निकाल लागला तो या तीन आकड्यांवर.