ट्रॉट्स्कीची सेक्रेटरी आणि बोटीवरची 'कुक'

१९२२ चा ऑगस्ट. रीगाहून 'राकुंद्रा' ही जेमतेम ३० फुटी शिडाची बोट बाल्टिकच्या किनाऱ्याने निघाली. टाल्लिन, हेलसिंकी, आणि सप्टेंबरअखेर परत. बोटीवर तिघं जण: मालक आर्थर रॅन्सम, 'मँचेस्टर गार्डियन'चा बातमीदार, एक म्हातारा खलाशी, आणि एव्हगेनिया शेलेपिना. ही बाई क्रांतीनंतर पेट्रोग्राडमध्ये चक्क ट्रॉट्स्कीची सेक्रेटरी होती!

१९१९ मध्ये दोघं रशियातून बाहेर पडली. रॅन्समची पहिली बायको इंग्लंडात, घटस्फोट थेट १९२४ मध्ये. म्हणजे आजच्या भाषेत लिव्ह-इन, तेही हलत्या बोटीत.

१९२३ मध्ये रॅन्समचं या सफरीवरचं पुस्तक आलं. त्यात एव्हगेनिया वावरते ती निव्वळ 'कुक' म्हणून. आज वाचताना राग येतो. पण मला यात पुरुषी तोऱ्यापेक्षा सावधगिरी जास्त दिसते. लग्न झालेलं नाही, त्यात बोल्शेविक बाई. नाव छापणार कसं? आणि भीती उगाच नव्हती. २००५ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या फायली खुल्या झाल्या, त्यात रॅन्समवर बोल्शेविकांचा हस्तक असल्याचा संशय आहे. (गंमत म्हणजे तो ब्रिटिशांनाही माहिती पुरवत होता. असो!)

१९२४ मध्ये लग्न झालं. १९२५ मध्ये बोट विकून दोघं इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहायला गेली. तिथे रॅन्समने 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' लिहिलं, १९३० चं. त्यातल्या मुलांच्या होडीवरही स्वयंपाक एक मुलगीच बघते. पण तिला नाव आहे, सुझन. आणि हुद्दा 'मेट', कप्तानाच्या खालोखाल.